शेतजमीन मुलांना बक्षीस देताना कर कुठे लागतो आणि कुठे लागत नाही

विचारणा थोडक्यात अशी. वडील ६८ वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात त्यांच्या नावावर सहा एकर द्राक्षबाग आणि आडगाव शिवारात, महापालिका हद्दीत, एक एकर जमीन आहे. थोरला मुलगा सातपूरला कंपनीत नोकरी करतो, मुलगी लग्न होऊन पुण्यात आहे आणि धाकटा कॅनडात स्थायिक झाला आहे. हयातीतच बक्षीसपत्र करून तिघांना वाटून द्यायचे आहे. प्राप्तिकर किती बसेल आणि मुद्रांक शुल्क किती लागेल?

आधी सरळ उत्तर देतो. वडिलांनी सज्ञान मुलाला किंवा मुलीला जमीन बक्षीस दिली, तर त्या व्यवहारावर दोघांपैकी कोणालाही प्राप्तिकर लागत नाही. कर लागतो तो पुढे. बागेचे उत्पन्न कोणाच्या नावाने दाखवायचे आणि जमीन कोण विकणार, यावर तो ठरतो. कॅनडातल्या मुलाला तर शेतजमीन बक्षीस देताच येत नाही. तिन्ही मुलांसाठी एकच दस्त ही कल्पना म्हणूनच सोडून द्या. निफाडची बाग, आडगावची एकर आणि कॅनडातला मुलगा हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

बक्षीस देण्याच्या दिवशी

बक्षीस कर कायदा १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला, म्हणून वडिलांवर बोजा नाही. बक्षीस हे प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने 'हस्तांतरण' नाही (१९६१ च्या कायद्यात कलम ४७), म्हणून भांडवली नफाही निघत नाही. मुलांच्या बाजूने कलम ५६(२)(x) आहे. नातेवाइकाकडून मिळालेली मालमत्ता त्यातून वगळलेली आहे आणि आईवडील नातेवाईक या व्याख्येत येतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलले, या बाबतीतली तत्त्वे तीच राहिली. सल्लागार जुने आकडे बोलत असतील तर घोटाळ्यात पडू नका.

मुद्रांक शुल्काबाबत मात्र अर्धवट माहिती गावोगाव फिरते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ मध्ये २०१५ साली सुधारणा झाली. त्यानुसार निवासी किंवा शेतीची मालमत्ता पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी फीदेखील नाममात्र आहे. लोक इथेच थांबतात आणि दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्यावर दचकतात, कारण त्यावर १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा बसतो. ग्रामीण भागात तो जिल्हा परिषदेचा, महापालिका हद्दीत महापालिकेचा. तो २०० रुपयांवर मोजत नाहीत, जमिनीच्या बाजारमूल्यावर, म्हणजे वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसार निघणाऱ्या किमतीवर मोजतात. जमिनीचे सरकारी मूल्यांकन ६० लाख असेल तर ६० हजार रुपये तयार ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बऱ्याच दस्तांचा किमान मुद्रांक वाढवून ५०० रुपये केला गेला. चलन काढण्याआधी तुमच्या दस्ताचा त्या दिवशीचा हिशेब कार्यालयातून काढून घेतलेला बरा.

ही सवलत मिळणाऱ्यांची यादी बंदिस्त आहे. तिच्यात सून नाही (मुलगा हयात असताना), जावई नाही, भाऊ नाही. 'मुलगा आणि सून दोघांच्या नावे करू' असे म्हणून सुनेचे नाव दस्तात घातले की तिच्या हिश्शाला सवलत गेली. शिवाय सासऱ्याने सुनेला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न सासऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. म्हणजे दोन्हीकडून तोटा. सज्ञान मुलगा आणि मुलगी यांच्याबाबत असे मिळवणे होत नाही. जमीन बिगरशेती झाली असेल आणि वर घर नसेल, तर २०० रुपयांचा लाभ जातो आणि थेट वंशजाला दिली तरी ३ टक्के पडतात. आडगावसारख्या ठिकाणी सातबारावर शेती पण विकास आराखड्यात रहिवासी विभाग अशी जमीन असते. तिथे मूल्यांकनावरून वाद निघू शकतो. दस्त करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागेल याचा अधिकृत निर्णय, करून घ्या. नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा ते परवडते.

बागेचे उत्पन्न नोकरदार मुलाच्या नावे गेल्यावर

शेतीचे उत्पन्न करमुक्त, हे वाक्य खरे आहे पण अपुरे आहे. ज्याचे निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त आहे आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर आहे, त्याच्या कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न मोजले जाते. शेतीवर थेट कर लागत नाही, पण पगार वरच्या टप्प्यात ढकलला जातो. वडिलांना दुसरे उत्पन्न नसताना हा नियम कधी आड आला नव्हता. जमीन पगारदार मुलाच्या नावावर आली की तो लगेच लागू होतो.

सातपूरच्या मुलाचे उदाहरण घेऊ. पगार १२ लाख ७५ हजार, ७५ हजार प्रमाणित वजावट जाऊन करपात्र १२ लाख. नव्या करप्रणालीत, २०२५-२६ पासूनच्या टप्प्यांनुसार, कलम ८७अ ची ६० हजारांची करसूट धरून त्याला आज शून्य कर आहे. आता बागेतून त्याच्या वाट्याला खर्च वजा जाता ६ लाख आले असे धरा. हिशेब असा चालतो. १२ अधिक ६, म्हणजे १८ लाखांवरचा कर १,६०,०००. करमुक्त मर्यादा ४ लाख अधिक शेतीचे ६, म्हणजे १० लाखांवरचा कर ४०,०००. दोहोंतला फरक १,२०,०००. शेतीचे उत्पन्न करपात्र एकूण उत्पन्नात धरत नाहीत, म्हणून एकूण उत्पन्न १२ लाखच राहते आणि ८७अ ची सूट टिकते, पण ती ६०,००० च्या वर जात नाही. उरले ६०,०००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ६२,४०० रुपये. बाग वडिलांच्या नावे राहिली असती तर त्या घरातून एक रुपयाही गेला नसता. करपात्र पगार १८ लाख असलेल्या मुलाला त्याच ६ लाखांमुळे उपकरासह १,०४,००० रुपये जास्त भरावे लागतात. हे दर वर्षी.

वडील निवृत्त शिक्षक असून त्यांची करपात्र पेन्शन असेल आणि मुलगा पूर्णवेळ शेतीच करत असेल, तर हिशेब उलटा होतो. तिथे बक्षीसपत्राने कर वाचतो. म्हणून दोघांचे मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय ठरवू नका. द्राक्षात एक वर्ष अवकाळीने जाते आणि पुढच्या वर्षी निर्यातीचा माल निघतो, एका वर्षावरून अंदाज चुकतो. तोट्याचे वर्ष असेल तर तेही विवरणपत्रात दाखवा. शेतीतला तोटा आठ वर्षांपर्यंत पुढच्या शेती उत्पन्नातून वजा करून घेता येतो, पण आधी तो दाखवलेला असला पाहिजे.

मालकी आत्ताच द्यायची पण उत्पन्न वडिलांकडे ठेवायचे, असेही करता येते. बक्षीसपत्रात 'देणार यांच्या हयातीपर्यंत जमिनीचा उपभोग व उत्पन्न घेण्याचा हक्क देणार यांनी स्वतःकडे राखून ठेवला आहे' असे कलम घालतात. ताबा न देता, हयातीचा उपभोग राखून केलेले नोंदणीकृत बक्षीस वैध ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेनिकुंतला राजम्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. अशा दस्तात उत्पन्न वडिलांचेच राहते. पण मग माल विकल्याचे पैसे खरोखर वडिलांच्या खात्यात जमा झाले पाहिजेत. दस्तात एक आणि व्यापाऱ्याचा धनादेश मुलाच्या नावे, हे कर अधिकाऱ्यापुढे टिकत नाही.

मुलाच्या नावे उत्पन्न येणार असेल तर दोन गोष्टी लगेच बदलतात. शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेले की सोपे आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावे लागते. उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की भाड्याची, बागायत की जिरायत, हे सगळे त्यात लिहावे लागते. ई-पीक पाहणीतील नोंद, बाजार समितीच्या पट्ट्या, औषध-खतांची बिले आणि मजुरीचा हिशेब त्याच नावाने ठेवा. सातबारावर सोयाबीनची नोंद आणि विवरणपत्रात द्राक्षाचे १० लाख अशी गफलत पकडायला वेळ लागत नाही.

विकायची वेळ आली तर

इथे जमीन कुठे आहे हे सगळे ठरवते. ग्रामीण शेतजमीन ही प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ताच नाही, ती विकली तर भांडवली नफा कर नाही. शहरी ठरली तर पूर्ण कर. सीमारेषा अशी आहे. १० हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा छावणी मंडळाच्या हद्दीतली जमीन शहरी. हद्दीबाहेर, लोकसंख्या १० हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १ लाखाच्या वर ते १० लाखांपर्यंत ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या वर ८ किलोमीटरपर्यंतची जमीनही शहरी. अंतर रस्त्याने मोजत नाहीत, हवाई रेषेत मोजतात. आणि सीबीएसपासून (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून) मोजत नाहीत, हद्दीच्या रेषेपासून मोजतात. नाशिक महापालिकेची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १४ लाख ८६ हजार आहे, म्हणजे ८ किलोमीटर. शिंदे, पळसे, माडसांगवी या बाजूच्या जमिनी लोक 'खेड्यातली' म्हणून बिनधास्त विकतात आणि दोन वर्षांनी नोटीस येते. मालेगाव महापालिकेला ६ किलोमीटर लागू होतात. देवळाली छावणी मंडळाची हद्दही विसरू नका.

तुमच्या निफाडच्या बागेसाठी दोन अंतरे तपासा, निफाड नगरपंचायतीच्या हद्दीपासूनचे आणि जवळ असेल तर ओझर नगरपरिषदेचे. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली की कालपर्यंत ग्रामीण असलेली जमीन आज शहरी होते आणि स्थिती विक्रीच्या तारखेची पाहतात, बक्षिसाच्या तारखेची नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर काही ठिकाणचा पट्टा बदलेल. सिन्नर नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ६५ हजार होती. ती १ लाखावर गेली तर तिथला पट्टा २ वरून ६ किलोमीटर होईल. भूमी अभिलेख किंवा तहसील कार्यालयाकडून अंतराचे लेखी प्रमाणपत्र विक्रीच्या आधीच घेऊन ठेवा.

आडगावची एकर शहरीच. बक्षीस मिळालेली शहरी जमीन मुलाने विकली तर वडिलांची खरेदी किंमत हीच त्याची किंमत आणि वडिलांचा धारणकाळ त्याच्या धारणकाळात मिळतो. म्हणजे आज बक्षीस घेऊन उद्या विकली तरी नफा दीर्घकालीनच. १ एप्रिल २००१ पूर्वीची जमीन असेल तर त्या दिवसाचे बाजारमूल्य धरता येते, पण ते त्या दिवसाच्या सरकारी दराच्या वर नाही. २००१ चा दर तक्ता, नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल आणि वडिलांचे मूळ खरेदीखत आत्ताच एका फाइलीत लावा. वडिलांच्या मागे ही कागदपत्रे शोधणे फार जड जाते.

'विकण्याआधी मुलांना बक्षीस द्या, नफा विभागला जातो, कर वाचतो' असा सल्ला सर्रास दिला जातो. तुमच्या घरापुरता तो तपासून पाहू. विक्री ८० लाख, २००१ चे मूल्य ५ लाख, नफा ७५ लाख. (खरेदी किमतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय इथे महाग पडतो. निर्देशांक १०० वरून २०२५-२६ मध्ये ३७६ झाला, ५ लाखांचे १८.८० लाख होतात, तरी कर १२.५ टक्क्यांपेक्षा जास्तच निघतो.) वडिलांनी स्वतः विकली आणि त्यांना दुसरे करपात्र उत्पन्न नसेल, तर ४ लाखांची करमुक्त मर्यादा वजा जाऊन ७१ लाखांवर १२.५ टक्क्यांनी ८,८७,५००. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर म्हणून १० टक्के अधिभार, मग उपकर, एकूण १०,१५,३००.

आता मुलगा आणि मुलगी यांना अर्धी-अर्धी देऊन त्यांनी विकली असे धरा. मुलगी गृहिणी असेल तर ३३.५ लाखांवर ४,१८,७५० आणि उपकर, म्हणजे ४,३५,५००. मुलाचे ३७.५ लाखांवर ४,६८,७५०. पण त्या वर्षी त्याचे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्याने पगारावरची ८७अ ची सूटही जाते, ६०,००० वाढले. उपकरासह ५,४९,९००. दोघांचे मिळून ९,८५,४००. वाचले २९,९००. सरकारी मूल्यांकन ७० लाख असेल तर बक्षीसपत्रावर १ टक्का अधिभारच ७०,००० जातो. म्हणजे चाळीस हजारांचा तोटा, आणि वर दस्तलेखन व फेरफाराची धावपळ. विसार घेऊन साठेखत झाल्यावर असे बक्षीसपत्र केले तर तो करचुकवेगिरीचा बनाव आहे, असा आक्षेप निश्चित येतो.

या एकरासाठी म्हणूनच स्पष्ट मत देतो. विकायची असेल तर वडिलांनीच विकावी आणि पैसे मुलांना बँकेतून बक्षीस द्यावेत. त्या पैशांवर मुलांना कर नाही आणि मुद्रांकाचा खर्चही नाही. दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४ब खाली नफ्याची सूट मिळते. त्यासाठी विकलेली जमीन आधीची दोन वर्षे शेतीसाठी वापरलेली असली पाहिजे. हा वापर विकणाऱ्याच्या आईवडिलांचा असला तरी चालतो. नवी जमीन विकणाऱ्याच्याच नावावर घ्या आणि तीन वर्षे विकू नका. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नसेल तर रक्कम भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते, साध्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही. खरेदीदार ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या शहरी शेतजमिनीवर १ टक्का टीडीएस कापतो, तो विवरणपत्रात जमा धरला जातो की नाही ते पाहा.

जमीन रस्त्यासाठी किंवा दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी सक्तीने संपादित होणार असेल तर विषय वेगळा. शहरी शेतजमिनीच्या मोबदल्यालाही कलम १०(३७) खाली सूट आहे आणि तिथेही आईवडिलांचा दोन वर्षांचा शेतीवापर धरतात. पण भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर व्यवहारावर बंधन येते. ती निघाली आहे का, हे आधी पाहा.

कॅनडातला मुलगा

अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) भारतात शेतजमीन, फळबागायत मळा किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेऊ शकत नाही. फक्त वारसाने घेऊ शकतो. हे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचे नियम आहेत. गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात मुलाचा आधार आणि नाशिकचा पत्ता दाखवून दस्त नोंदला जातोही, पण नोंदणी झाली म्हणजे व्यवहार नियमात बसला असे होत नाही. जमीन विकून पैसे बाहेर न्यायची वेळ आली की बँक कागद मागते आणि तिथे सगळे उघडे पडते. भारतीय पासपोर्ट कायम आहे म्हणून चालेल, हा गैरसमज आहे. इथे नागरिकत्वापेक्षा निवास पाहतात.

त्याच्या वाट्यासाठी मृत्युपत्र करा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, वारसाने आलेल्या मालमत्तेवर प्राप्तिकर नाही आणि वडिलांना ते हयातीत कधीही बदलता येते. आत्ताच काही द्यायचे असेल तर पैसे द्या. भारतात राहणारे वडील त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचे भारतातले रुपया खाते) बक्षीस रक्कम भरू शकतात. ती एलआरएसच्या (निवासी व्यक्तीने परदेशी रक्कम देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या) वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजतात.

ही जमीन एकट्या वडिलांची आहे का?

कराचे सगळे गणित जमवून दस्त रद्द होतो तो इथे. सातबारावर वडिलांचे एकट्याचे नाव आहे एवढ्यावर विसंबू नका. जुने फेरफार मागवा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा कधीकाळी असेल तर जमीन एकत्र कुटुंबाची धरली जाण्याची दाट शक्यता. अशी जमीन कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, एका मुलाला मायेपोटी बक्षीस देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये के. सी. लक्ष्मणा प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सेदार, आहे, त्यामुळे तिची सही नसलेला दस्त न्यायालयात जातो. उलट आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल तर ती साधारणपणे वडिलांची स्वतःची धरतात. 'वारसाने आली म्हणजे वडिलोपार्जित' हे समीकरण बरोबर नाही. वकिलाला सगळे फेरफार दाखवूनच ठरवा.

एकत्र कुटुंबाची निघाली तर बक्षीसपत्राऐवजी वाटणीपत्र करा किंवा तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप मागा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ मध्ये माफ झाली आहे. खर्चातही तोच मार्ग हलका आहे.

भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली) जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीला खरेदीपासून १० वर्षे झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार परवानगीऐवजी आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून, इतर अटी पाळून चालते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर फेडून बेबाकी दाखला घ्या आणि सातबाराच्या इतर हक्कातून नोंद उतरवा. सोसायटीच्या बोजाच्या जमिनीचा व्यवहार सहकार कायद्याच्या कलम ४८ खाली रद्दबातल ठरतो. 'कर्ज मुलाने फेडायचे' असे बक्षीसपत्रात लिहू नका. तो मोबदला समजला जाऊ शकतो आणि मग ते बक्षीस राहत नाही, २०० रुपयांची सवलतही धोक्यात येते.

तुकडे पाडताना बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे हे २०२३ च्या अधिसूचनेचे किमान क्षेत्र पाळा.

दस्तात काय लिहायचे

बक्षीसपत्र नोंदणीकृत हवे, दोन साक्षीदार हवेत आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारले पाहिजे. मुलाची आणि मुलीची स्वीकृतीची सही त्याच दस्तात घ्या. 'मला वाटेल तेव्हा रद्द करीन' असे कलम टाकले तर बक्षीसच टिकत नाही.

वडिलांच्या सांभाळाची अट मात्र आवर्जून, स्पष्ट शब्दांत लिहा. जेवणखाण, औषधपाणी, राहती जागा आणि दरमहा ठरावीक रक्कम, सगळे लिहा. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास दस्त रद्द करून मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पण २०२२ च्या सुदेश छिक्कारा निकालानुसार दस्त सांभाळाच्या अटीवर झाला होता हे सिद्ध व्हावे लागते. प्रेमापोटी दिले एवढेच लिहिलेल्या दस्तावर वृद्ध आईवडिलांना दाद मिळवणे फार कठीण जाते. मुलांवर अविश्वास दाखवायचा नसतो म्हणून हे कलम गाळतात. ते गाळू नका. चांगल्या मुलाला त्याचा काहीच त्रास नाही.

सगळी जमीन देऊ नका हा माझा ठाम आग्रह. वडिलांच्या नावे थोडे तरी क्षेत्र राहू द्या. सातबारा पूर्ण गेला की पीककर्ज आणि विमा त्यांच्या नावे मिळत नाही, नवी शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा अडतो आणि पीएम किसानचा हप्ता थांबतो. मुलाला तो हप्ता मिळेल असेही नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाखेरीज इतर मार्गाने झालेला मालक त्यात पात्र नाही, आणि प्राप्तिकर भरणारा तर नाहीच.

विहीर, बोअर, वीजजोडणी, पाइपलाइन, पाण्याची पाळी आणि बांधावरचा रस्ता यांचे हिस्से गट नंबरसह लिहा. द्राक्षबागेत मांडव, ठिबक, शेततळे कोणाच्या वाट्याला हेही. भावाबहिणींतले बहुतेक दावे जमिनीच्या क्षेत्रावरून होत नाहीत, ते विहिरीवरून आणि रस्त्यावरून होतात. गटाचा ठरावीक भाग द्यायचा असेल तर आधी मोजणी करून पोटहिस्सा नकाशा दस्ताला जोडा. नकाशाशिवाय 'पूर्वेकडील दोन एकर' लिहिले तर सातबारावर नाव लागते, पण तो हिस्सा जागेवर कुठे आहे ते ठरत नाही.

नोंदणीपासून फेरफारापर्यंत

सोबत न्यायचे कागद: डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ अ, जुने फेरफार, गट नकाशा, मूल्यांकन पत्रक, दोघांचे आधार आणि पॅन, नाते दाखवणारा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. मुलीच्या बाबतीत लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव वेगळे असते. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र नसेल तर २०० रुपयांची सवलत नाकारली जाऊ शकते, कारण ती 'मुलगी' आहे हे कागदावर दिसत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करा.

नोंदणी झाल्यावर फेरफार ई-प्रणालीतून गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे जातो. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि महिनोन्‌महिने चालते. म्हणून मुलीचे आणि कॅनडातल्या मुलाचे संमतीपत्र आधीच घ्या. नोंद मंजूर झाल्यावर सातबारावर क्षेत्र, आकार आणि राखून ठेवलेल्या उपभोगाचा शेरा इतर हक्कात बरोबर आला आहे का ते वाचून पाहा.

ठरावीक मर्यादेहून जास्त मूल्याचा दस्त दुय्यम निबंधक कार्यालय प्राप्तिकर खात्याला कळवते. काही महिन्यांनी मुलाच्या एआयएसमध्ये (प्राप्तिकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात) 'स्थावर मालमत्ता खरेदी' आणि वडिलांच्या एआयएसमध्ये 'विक्री' असे दिसू शकते. घाबरून नफा दाखवू नका आणि दुर्लक्षही करू नका. दोघांनीही पोर्टलवर त्या नोंदीवर अभिप्राय द्यावा की हा विनामोबदला बक्षीस व्यवहार आहे, आणि दस्ताची प्रत जपून ठेवावी. वडील आजवर विवरणपत्र भरत नसतील तरी या वर्षी त्यांचे पॅन-आधार जोडलेले आहे का आणि पोर्टलवरचा मोबाइल नंबर चालू आहे का, हे दस्ताच्या आधी बघून घ्या. नोटीस आता ई-मेलवर येते.